काचेमागची आई

सातारा,
गुरुवार, ता. ३ जानेवारी १९४६

चि. सौ. पद्मास अनेक आशीर्वाद.

सहा आठवड्यांत तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. मध्ये सहामाहीचे पेपर होते, हेरंबला खोकला होता, थंडीही यंदा फार आहे. ही कारणं खरी आहेत. पण याच सहा आठवड्यांत माझ्या डायरीचं एकही पान कोरं गेलेलं नाही, हेही खरं आहे. मग तुझंच पत्र तेवढं का राहिलं, याचं उत्तर मला देता येत नाही, किंवा द्यावंसं वाटत नाही.

हेरंब खुशाल आहे. मागच्या आठवड्यापासून मेतकूट-भात स्वतःच्या हाताने खातो. अर्धा पोटात जातो, अर्धा कोपरापर्यंत. सदऱ्याची बटणं मीच लावायची असतात. मामीने लावली तर सगळी काढून माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "मामा, एंबू उघडा." एंबू म्हणजे तो स्वतः. मी शाळेतून यायच्या सुमारास पायरीवर बसलेला असतो. काल विचारत होता, "शाळा तुला सोडते?" म्हटलं, "पाच वाजता सोडते." "मारते?" "नाही रे." "मग रडू नको हं," म्हणाला.

आता मुद्द्याचं. त्या रविवारी, २५ नोव्हेंबरला, तू आणि मधुकरराव त्याला न्यायला आलात आणि न नेताच परत गेलात. जाताना तू दारात मला म्हणालीस, "तो तुमच्याकडेच राहू दे, दादा. मी त्याला फोटोतलीच बरी." रागात निघालेलं वाक्य धरून बसू नये म्हणून मी थांबलो. पण आता शांतपणे विचार करता वाटतं, त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. मिरजेच्या क्षयाच्या आरोग्यधामात दोन वर्षं अंथरुणावर काढून तू दसऱ्याला सांगलीस घरी आलीस. रोग गेला असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तरी जिना चढताना तुला दम लागतो. घरात मधुकरराव आणि त्यांचे थकलेले वडील; दुसरं बाईमाणूस नाही. तीन वर्षांचं मूल म्हणजे दिवसभर त्याच्या मागे धावणं.

शिवाय तुझी वहिनी. आम्हाला मूल नाही. पाच महिन्यांचा हेरंब गोदावरीच्या ओटीत आला. ती बोलत नाही, पण तिची अवस्था मला दिसते. त्याला आता काढून नेलं तर ती हाय खाईल.

तेव्हा तो पाच वर्षांचा होईपर्यंत इथेच राहिला तर सर्वांच्याच दृष्टीने बरं, असं सुचवावंसं वाटतं. राहता राहिलं जावळ. फाल्गुनात तिसरं वर्ष संपण्याआधी ते व्हायला हवं. मामाच्या मांडीवर बसवूनच करायचं असतं, आणि मामा तर इथेच आहे.

घंटा झाली. चौथीचा वर्ग आहे. उरलेलं उद्या लिहितो.

शनिवार, ता. ५ जानेवारी

परवाचं पान टाकलं नाही. फाडणार होतो. पण फाडलं तर तुला वाटेल की मला पहिल्यापासून सगळं नीट दिसत होतं. म्हणून ते तसंच सोबत ठेवतो. ते वाच आणि मग हे वाच.

आमच्याकडे भांडी-धुण्याला येणारी राहीबाई तुम्ही आलात तेव्हा नव्हती. लेकीच्या बाळंतपणासाठी कोरेगावाकडे गेली होती. ती काल परत कामावर आली. मी दाढी करत होतो. हेरंब त्याच्या नेहमीच्या कार्यक्रमात होता. म्हणजे काय ते तुला माहीत आहे, तू ते पाहिलंस. माझी पूजा आटोपली की तो ताम्हनातलं तगरीचं एक फूल उचलतो, देवघराशेजारच्या भिंतीवरच्या तुझ्या फोटोखालच्या ठेंगण्या फळीवर ठेवतो, हात जोडतो, डोळे गच्च मिटतो आणि म्हणतो, "आई जेजे."

राहीबाई राखेने भरलेले हात तसेच घेऊन दारात उभी राहिली. गोदावरीला म्हणाली, "बाई, पोराच्या बापानं दुसरं लगीन केलं म्हनं? नवी आई न्यायला आली हुती व्हय?"

"कसलं दुसरं लग्न?" गोदावरी म्हणाली. "कोणी सांगितलं तुला?"

"चंद्राबाईंनी. नळावर. नवी आई हिरव्या लुगड्यातली, किडकिडीत, शाल घेतल्याली, म्हनल्या. त्यांनी इचारलं बी तिला, आळीच्या तोंडालाच. नवी आई का गं तू आमच्या हेरंबाची? बरं झालं, आईवेगळं लेकरू हाय, पोटचं समजून संभाळ. तर ती काय बोललीच न्हाई म्हनं. नुसती बघत ऱ्हायली."

"अगं, त्या आमच्या पद्मावन्सं. त्याच त्याची आई!"

"जिती हाय?"

राहीबाईने तो राखेचा हात कपाळाला लावला. मग माझ्याकडे वळली. माझ्या अर्ध्या गालावर साबण होता.

"आवं मास्तर, मंग फोटूला रोज फूल कशापायी? जित्या मान्साच्या फोटूला कुनी फूल वाहतं व्हय? मी दोन वर्सं जाता-येता हात जोडतीया तिला. पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवतीया, आईवेगळं म्हनून. समदी आळी ठेवतीया. तुमी येवढं शिकल्यालं मानूस..."

पुढे तिने काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही.

पद्मा, मी आजवर समजत होतो की हेरंब तुला पाहून किंचाळला, म्हणून तू चहासुद्धा न घेता निघून गेलीस. तू घरात पाऊल ठेवण्याआधीच आळीत तुला काय ऐकावं लागलं, ते मला ठाऊक नव्हतं. तू सांगितलं नाहीस. आत आलीस, माझ्या पायांना हात लावलास, मग भिंतीकडे पाहिलंस. काचेवर हेरंबने माझ्या कडेवरून कुंकवाचं बोट लावलेलं होतं, खाली फूल होतं. तू म्हणालीस, "हार तेवढा राहिला, दादा." मला तो विनोद वाटला. मी हसलो. माझं ते हसणं तुझ्या ध्यानात असेल.

रविवार, ता. ६ जानेवारी

आज सुट्टी. हेरंब आणि गोदावरी परसात आहेत. तगरीला पाणी घालणं चाललं आहे, म्हणजे बहुतेक पाणी हेरंबच्या अंगावर.

हा फोटो कसा आला ते लिहितो. दोष पुसावा म्हणून लिहीत नाही. चुकीची पायरी कोणती होती ते मलाच शोधायचं आहे. मधुकरराव त्याला इथे सोडून गेले त्या दिवशी मी डायरीत लिहिलं होतं: "मूल आपलं नाही याचा विसर पडू देऊ नये. त्याने आम्हांपैकी कोणालाही आई-बाबा म्हणू नये." हा नियम मी कडक पाळला. तो बोलू लागला तेव्हा गोदावरीला एकदा "आई" म्हणाला. ती पाघळली. मी लगेच "मामी" म्हणायला लावलं आणि त्याचा हात धरून तुझ्या फोटोपुढे नेलं. तू मॅट्रिक झालीस तेव्हा सांगलीला काढलेला तो फोटो. "ही आई. जेजे कर." त्या दिवसापासून रोज. एक दिवस चुकू दिला नाही. तुझा हक्क राखतो आहे, अशी माझी समजूत होती. आपल्या घरांत भिंतीवर कोण असतं आणि फूल कोणाला वाहतात, हे मला पंचेचाळीस वर्षं ठाऊक आहे. आळीतल्या कोणत्याही बाईला जे पाहताक्षणी कळलं ते मला कळलं नाही, कारण मी भिंतीकडे पाहतच नव्हतो. माझा नियम कसा पाळला जातो तेवढंच पाहत होतो.

कालपर्यंत लिहिलेलं सगळं मी सकाळी गोदावरीला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. गुरुवारच्या पानावर तिचा हात थांबला.

"मी हाय खाईन असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला वाटलं."

"मग तुम्हाला वाटलं असं लिहा. माझं नाव कशाला घातलंत त्यात? दसऱ्याला वन्संचं कार्ड आलं तेव्हाही हेच लिहिलंत ना, की वहिनी हळवी झाली आहे, थोडे दिवस जाऊ देत?"

मी तसंच लिहिलं होतं. ती उठली, मला आत घेऊन गेली आणि खाटेखालून लहान पेटी ओढली. आत हेरंबचे सदरे, टोपडी, त्याची वाटी, मेतकुटाचा डबा. "दिवाळीत भरली," म्हणाली. "मेतकूट तेवढं दर महिन्याला ताजं घालते. तुम्ही कधी निघता याची वाट पाहते आहे. मी रडेन, नाही असं नाही. रडून स्वयंपाकाला लागेन. तुमचंच काय ते बघा."

तेव्हा आता माझंच काय ते लिहितो. २५ नोव्हेंबरच्या डायरीत माझ्या हातची नोंद अशी आहे: "पद्मा आली, गेली. हेरंब शांत झोपला. बरं वाटलं." शेवटचे दोन शब्द मी सहा आठवडे रोज वाचतो आहे. तुझं दारातलं वाक्य मला परवानगीसारखं वाटलं. पत्र लिहिलं असतं तर तू कदाचित ते मागे घेतलं असतंस, म्हणून मी लिहिलं नाही. पायरीवर बसून माझी वाट पाहणारं या जगात दुसरं कोणी नाही, पद्मा. कारण एवढंच आहे.

आणखी एक आहे. हे गोदावरीलाही आजच सांगितलं. गेल्या वर्षी चैत्रात तू अंथरुणावर बसून शिवलेला कापडी हत्ती पाठवलास. गणपतीच्या देवळातल्या हत्तीसारखी त्याच्या पाठीवर लाल झूल. मी तुला लिहिलं, "हेरंब हत्ती कुशीत घेतल्याशिवाय झोपत नाही." तू उत्तरात चार पानं लिहिलीस, एवढी तू कधी लिहीत नव्हतीस. ते खोटं होतं. पुडकं उघडताच मला जंतूंची भीती वाटली. हत्ती मी कागदात गुंडाळून पुस्तकांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला आणि हात साबणाने धुतले. हेरंबने तो कधी पाहिला नाही. तुझ्याकडून त्याच्यापर्यंत जे जे येऊ शकलं असतं त्यातलं मी फक्त काचेमागचं तेवढं येऊ दिलं.

गोदावरी ऐकून एवढंच म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर उकळून, उन्हात वाळवून दिला असता की."

मंगळवार, ता. ८ जानेवारी

काल गोदावरीने हत्ती खरोखर उकळला. झुलीचा रंग सुटला आणि पांढरा हत्ती गुलाबी झाला. आतला कापूस गोळा होऊन सोंड एका बाजूला वाकली. दिवसभर दोरीवर उन्हात उलटा लोंबत होता. राहीबाई येता-जाता त्याला बोट लावून हसत होती. "मास्तर, ह्याला तरी फूल वाहू नगा."

आज सकाळी तो हेरंबला दिला. त्याने वास घेतला, सोंड चावून पाहिली. "हा कोण?"

"हत्ती. तुझ्या आईने केला," गोदावरी म्हणाली.

"आई करते?"

"हो. सुईने शिवला. हाताने."

तो हत्ती घेऊन फोटोपाशी गेला. मान वर करून बराच वेळ पाहत राहिला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आईला हात?"

पद्मा, त्या फोटोत तू खांद्याच्या जरा खालीपर्यंतच आहेस. दोन वर्षं रोज मी त्या फोटोपुढे उभा राहिलो, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या रविवारी त्याने फूल आणून तुझ्या पायाशी ठेवलं, हात जोडले, डोळे मिटले. इथवर तो शांत होता, आठव. तू वाकून त्याला उचलायला दोन्ही हात पुढे केलेस तेव्हा तो किंचाळला. त्याच्या आईला हातच नव्हते. त्याला तुझी भीती वाटली नाही; त्याने तुला पाहिलेलंच नाही. ज्याची भीती वाटली ते माझं काम होतं.

"आहेत," मी म्हटलं. "दोन आहेत."

"एंबूसारखे?"

"तुझ्यासारखे. पण मोठे."

त्याने आपले हात पुढून-मागून पाहिले आणि हत्तीला घेऊन परसात गेला. मी स्टुलावर चढून फोटो उतरवला. काचेवरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसलं.

गोदावरीने ठरवलं आहे ते तुला कळवतो. मला विचारलेलं नाही, म्हणून तूही नको म्हणण्यात अर्थ नाही. शुक्रवारच्या गाडीने ती आणि हेरंब सांगलीला येतात. मधुकररावांना स्टेशनवर पाठव. दिवसभर ती त्याच्यापाशी राहील. पण भरवणं, न्हाऊ घालणं आणि बटणं लावणं तुझ्या हाताने व्हायचं. दम लागला तर बसून लाव. तो आरंभी सगळी काढून टाकेल, तरी पुन्हा लाव. ती महिनाभर राहील, लागले तर दोन. कालपासून तिने त्याला तुझ्या गोष्टी सांगायला सुरुवात केली आहे. आई शिंकते, आई दूध सांडते, आई रागावते, आईला कारल्याची भाजी आवडत नाही. त्याला कारल्याचं फार पटलेलं दिसतं. काल तीनदा विचारलं.

मी येणार नाही. मी म्हटलं होतं, पोचवून लगेच परततो. गोदावरी म्हणाली, "तुम्ही आलात तर तो तुमच्या धोतराचा सोगा सोडणार नाही, आणि तुम्हीही सोडवून घेणार नाही." मी दोन दिवस या वाक्यावर विचार केला आणि त्यात मला कुठेही चूक सापडली नाही.

जावळाचा दिवस तू ठरव. तुझ्या घरी, तुझ्या अंगणात. त्या दिवशी मात्र मला बोलाव, कारण मांडी मामाचीच लागते. न्हाव्याचा वस्तरा पाहून तो रडणार, हे नक्की. रडत उठला की कोणाकडे तरी धावेल. तू समोर उभी राहा. मी हात आवळणार नाही.

चंद्राबाईंकडे गोदावरी स्वतः जाऊन आली. त्या दोन दिवस दाराबाहेर पडलेल्या नाहीत. आज संध्याकाळी त्यांनी एक वाटी तिळाची वडी पाठवली आणि निरोप दिला की ही हेरंबाच्या आईला सांगलीला पाठवा. रेशनच्या साखरेतली आहे, म्हणजे त्यांच्या वाटणीची. गोदावरीने ती पेटीत ठेवली.

क्षमा मागून सुरुवात केली होती. आता वाचून पाहतो तर ती सहा आठवड्यांच्या गप्प बसण्याची होती. खरी मागायची ती वेगळी आहे. ती पत्रातून मागता येईल असं वाटत नाही. तू जिवंत असताना दोन वर्षं मी तुला या आळीत जिवंत ठेवलं नाही. एवढंच लिहून थांबतो.

तुझा,
विष्णूदादा

ता. क. पत्र बंद करणार होतो, तेवढ्यात हे झालं. आज फोटो नव्हता, म्हणून वाटलं होतं की तो विसरेल. दिवे लागायच्या आत परसातून तगरीचं फूल घेऊन आला. फळीवर ठेवलं. भिंतीवर आता नुसता खिळा आहे आणि भोवती चौकोनी पांढरा डाग. त्याने डोळे मिटून हात जोडले, "आई जेजे," म्हणाला आणि हत्तीची सोंडही दोन बोटांनी वाकवली.

रोजच्या सवयीने डायरीत उद्याचं एकच काम लिहिलं आहे, तेच इथे उतरवतो.

उद्या, बुधवार: शाळेत जाण्यापूर्वी पक्कड आणून भिंतीतला खिळा काढणे.